लाल बाटलीचा मान

या, जरा जवळ सरका. सतरंजी मोठी आहे, माणसं थोडी आहेत. बुवा घोटभर पाणी पिऊन कीर्तनाच्या उत्तररंगाला उभे राहीपर्यंत एक कथा सांगतो. देवादिकांची नाही, रेणापूर तालुक्यातल्या एका शाळेची आणि तिथल्या भिंतीवरच्या एका लाल बाटलीची. तरी ऐकताना हात जोडलेलेच असू द्या.

लातूरच्या एका दुकानात हेडमास्तर शिवमूर्ती सर दोन हातांत दोन लाल बाटल्या घेऊन उभे होते. शाळेसाठी अग्निशामक घ्यायचे होते आणि हातात आलेलं अनुदान म्हणजे पळीभर तीर्थ. डाव्या हातातली बाटली हलकी होती, उजव्या हातातली जड.

"डाव्या हाताच्या घेतल्या तर तेवढ्यात पाच येतेत, सर," दुकानदार रविकिरण म्हणाला. "उजव्या हाताच्या दोनच. पाच घ्या म्हनलं तर माझा फायदा हाय. पर माझीबी पोरगी शाळेत जाती."

सरांनी बाटल्या फिरवून बघितल्या. डावीवर ना शिक्का, ना काटा. उजवीवर शिक्का होता आणि गळ्याशी रुपयाएवढी तबकडी. तबकडीतला काटा हिरव्या पट्ट्यात उभा होता.

"काटा हिरव्यात हाय तवर बाटली जित्ती," रविकिरण म्हणाला. "आन एक ध्यानात ठिवा. एकदा दाबली, चिमूटभर का होईना, की माझ्याकडं आणायची. पावडर तोंडाशी अडकून ऱ्हाती, मग आतली हवा गुमान निघून जाती. वरून बाटली तशीच लाल दिसती."

सरांनी मान हलवली. त्यांनी ते नीट ऐकलं होतं. तुम्हीही ऐकून ठेवा.

बाटल्या गावात आल्या तेव्हा सरपंच सुदामरावांचा चेहरा उतरला.

"दोनच? सर, शेजारच्या शाळंत पाच टांगल्यात. तपासणीला साहेब आले तर पाच दिसतेत. दोन काय दिसतेत?"

"सुदामराव, दाखवायला न्हाई आणल्या. इझवायला आणल्यात."

"कीर्तनात पेटी वाजवून वाजवून असं झालंय तुमचं. समदं खरंच लागतं तुमाला."

सर हसले. शिवनाम सप्ताहात पेटीवर सरांची बोटं फिरल्याशिवाय त्या गावात कीर्तन उभं राहत नसे. एक बाटली त्यांनी संगणकाच्या खोलीत लावली. दुसरी खिचडी शिजते त्या खोलीत लावायची होती. पण या गावात शाळेच्या मुतारीचंसुद्धा फीत कापून उद्घाटन झालेलं. नारळ फोडल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही, असं सुदामरावांनी बजावलं आणि कार्यक्रमाच्या दिवशी फोटोसाठी कंगवा खिशात ठेवूनच ते आले.

सर मात्र उठले आणि म्हणाले, "मान सिद्धम्माक्कांचा. बाटली त्यांच्या चुलीपाशी लागणार, तर पहिल्यांदा दाबणार त्याच."

सिद्धम्माक्का म्हणजे पोरांची खिचडीवाली अक्का. नवरा लवकर गेला. पोरीला, दामिनीला, त्यांनी याच शाळेच्या कढईवर वाढवलं आणि उदगीरला दिलं. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात अक्का असत, पण मंडपामागे, चहाच्या पातेल्यापाशी. त्यांचं नाव माईकवरून कधी कुणी घेतलं नव्हतं.

त्यांनी पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. "माझ्या हातानं काई तरी इस्कटंल, सर."

"काय इस्कटत न्हाई, अक्का. ही पिन अशी वढा. आन दाबा."

अक्कांनी दाबलं. फस्सकन पांढरा लोट उठला आणि वाऱ्यानं उलटून त्यांच्याच अंगावर आला. पोरं खिदळली. अक्का कपाळापासून पदरापर्यंत पांढऱ्या झाल्या. शाळेतल्या समीक्षा मॅडमनी त्याच क्षणी मोबाइलवर फोटो काढला.

"इभूत लावली की हो बाटलीनं मला," अक्का म्हणाल्या आणि तोंडावर पदर न धरता हसल्या. एवढं मोकळं हसताना त्यांना गावानं पहिल्यांदाच बघितलं.

टाळ्या वाजत होत्या, आणि नेमकं तेव्हाच रविकिरणचं वाक्य सरांच्या मनातून सळसळत गेलं. एकदा दाबली की आणायची. पण त्या हसण्यावर पाणी कसं ओतायचं? सोमवारी नेऊ, असं म्हणून सरांनीही टाळ्या वाजवल्या. सुदामरावांनी झेंडूचा हार बाटलीच्या गळ्यात घातला. तबकडी फुलांखाली गेली.

सोमवारी प्रशिक्षण निघालं. मग मतदारयाद्या आल्या, मग परीक्षा. झेंडू सुकला तेव्हा सुदामरावांनी रेणापूरहून प्लास्टिकची माळ आणून घातली, कायमची. अधूनमधून सर कुणी नाही बघून माळ बोटानं उचलत. काटा हिरव्याच्या कडेला आला होता. पुढच्या वेळी बघितलं तर लाल पट्ट्यात पडून होता. त्यानंतर सरांनी माळ उचलणंच सोडलं.

अक्का मात्र रोज सकाळी आधी बाटलीला हात लावून तो कपाळाला नेत आणि मग गॅस पेटवत.

"अक्का, वास येतोय का हो?" समीक्षा मॅडमनी एकदा दारातूनच विचारलं.

"जरासा येतोय. नळी उंदरानं कुरतडली वाटतं. सर नवी मागवायलेत." त्यांनी भिंतीकडं मान केली. "आन ही हाय की राखणीला."

सरांनी ते बाहेरच्या ओट्यावरून ऐकलं. त्यांच्या हातातला खडू तुटला.

महाशिवरात्रीचं कीर्तन होतं. सर पेटीवर बसले होते. बुवा म्हणाले, "देवाचं उद्यावर टाकलं तर देव थांबतो, त्याला घाई नाही. पण विस्तव थांबत नाही, बाबांनो." सरांचा सूर चुकला. टाळकऱ्यांनी वळून बघितलं. पेटी मिटतानाच सरांनी ठरवलं, आता बाटली उद्यावर टाकायची नाही.

शिवरात्रीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी ते बाटली न्यायला कापडी पिशवी घेऊन आले. स्वयंपाकाच्या दारापर्यंत गेले. अक्कांनी कढई चढवली होती आणि पोरं ताटल्या घेऊन पंगतीत बसायला लागली होती. सगळ्यांच्या देखत बाटलीच्या गळ्यातली माळ उतरवायची? अक्कांनी विचारलं, का हो सर, तर काय सांगायचं? जेवणं उरकू देत, मग काढू. सर पिशवीची घडी घालून ऑफिसात गेले.

घडी टेबलावर ठेवतात न ठेवतात तोच अक्कांचा आवाज आला. "पोरंहो, मैदानात पळा. ताटल्या टाका. पळा."

तेल भडकलं होतं आणि ज्वाळेनं नळी धरली होती. अक्कांनी बाटली उतरवली, माळेसकट. शिकवलं होतं तशी पिन ओढली, तसंच दाबलं. बाटलीच्या तोंडातून भाकरीवर शिंपडतात तेवढं पीठ पडलं. त्यांनी पुन्हा दाबलं. मग बाटली बाजूला ठेवली आणि गॅसची टाकी बंद करायला उघड्या हातांनी आत गेल्या.

सर संगणकाच्या खोलीतली बाटली घेऊन धावत आले. तिच्यातून असा लोट सुटला की एका दमात खोली पांढरी झाली आणि आग बसली. रविकिरणनं सांगितलं होतं तशीच ती बाटली वागली. पोरांपैकी एकाच्याही अंगाला झळ लागली नाही.

लातूरच्या दवाखान्यात अक्कांचे दोन्ही हात खांद्यापर्यंत गुंडाळले होते. दामिनी उशाशी बसली होती. सर आले तशी ती उठली नाही.

"गावात म्हनायलेत, आईला दाबता आलं न्हाई," ती खाली बघूनच म्हणाली.

अक्कांनी डोळे उघडले. "सर, म्या दाबलं. दोनदा दाबलं. त्या दिशी तुमीच बघितलं की, मला येत व्हतं. काय चुकलं माझं?"

सर खाटेच्या कडेला टेकले. "तुमचं काय चुकलं न्हाई, अक्का. ती रिकामी होती. एकदा दाबली की भरून आणावी लागती. मला ठाऊक होतं."

दामिनीनं वर बघितलं. अक्कांनी मान सरांकडं वळवली.

"मग त्या दिशी कशाला दाबाया लावलं, सर?"

"तुमचा मान व्हावा म्हणून."

अक्कांनी डोळे मिटले. "झाला की," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात अक्का गेल्या, लिंगैक्य झाल्या. शेतात त्यांना समाधी दिली तेव्हा विधी करणाऱ्या जंगमांनी कपाळाला विभूती लावली आणि सरांना तिकडं बघवलं नाही.

अक्कांच्या नावानं गणाराधनेचं जेवण होतं त्या दिवशी पंगत बसायच्या आधी सर ती बाटली घेऊन उभे राहिले. माळ काढली, सुदामरावांच्या हातात दिली आणि तबकडी सगळ्यांना दिसेल अशी धरली. "अक्कांनी बरोबर दाबलं होतं," ते म्हणाले. "हा काटा मी बघितला होता आणि झाकून ठेवला होता. अक्कांना दाबता आलं नाही असं यापुढं कुणी म्हणायचं नाही." सुदामराव माळ हातात घेऊन बसून राहिले. ती कुठं ठेवावी हे त्यांना कळेना.

भिंतीवर लावायला अक्कांचा फोटो हवा होता. दामिनीकडं एकही नव्हता. होता तो समीक्षा मॅडमच्या मोबाइलमधला.

"कपाळावर न् पदरावर हे पांढरं काय पडलंय?" रेणापूरच्या फोटोवाल्यानं विचारलं. "पुसून देऊ का?"

"असू द्या," सर म्हणाले.

तो फोटो आता शाळेच्या स्वयंपाकाच्या खोलीत आहे. शेजारी भरून आणलेली बाटली टांगलेली आहे, गळा उघडा. प्रार्थना झाली की सर तिथं जातात आणि आधी काट्याकडं बघतात, मग फोटोकडं.

पेटीचा सूर लागला, बुवा उठले, तेव्हा आवरतो. एवढंच मागणं आहे. तुमच्या गावच्या शाळेत पोरांना आणायला जाल तेव्हा भिंतीवरच्या त्या लाल बाटलीपाशी थोडं थांबा. माळ असेल तर बाजूला सारा. आणि काटा बघता बघता आमच्या सिद्धम्माक्कांची आठवण काढा. त्यांना येत होतं.