विमानतळावर टांगलेला गणो

रुक्माबाईची हुशारी तिच्याच अंगाशी आली. नातीच्या, म्हणजे पुष्पाच्या लग्नात डोक्यावरच्या घागरीमागं पाठीवर रुळायला कवड्या-आरशांचा कापडी पट्टा, गणो, हवा. तो पुष्पाच्या आईनं, सोनीबाईनं, अंथरुणाला खिळलेली असताना शिवला होता. शेवटचा टाका घातला आणि आठ दिवसांत ती गेली. लग्नाआधी गणो नवरीच्या नजरेला पडू नये, ही त्यांच्या घरची रीत. आणि पुष्पा तर अशी उचापती पोर, की पेटी दिवसातून दहादा उघडायची. म्हणून म्हातारीनं तो विकायच्या तोरणांच्या आणि गण्यांच्या गाठोड्यात, मधल्या घडीत दडवला आणि स्वतःवरच खूश झाली.

आता सांगा, विकायच्या मालात कोणी जपायची वस्तू ठेवतं का? ती कापूस वेचायला गेलेली असताना शहरातला सजावटवाला पांढरकवड्याजवळच्या त्यांच्या तांड्यावर आला. तिच्या धाकट्या मुलानं, प्रेमनं, गाठोडं न सोडताच त्याच्या गाडीत टाकलं. विमानतळावर नाताळचं झाड उभं राहायचं होतं आणि औंदा म्हणे त्यावर बंजारा कशिदा हवा होता.

लग्न परवावर आल्यावर म्हातारीनं पहाटेच गाठोडं शोधलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. पुष्पाला काही न सांगता मायलेकांनी सकाळची एसटी धरली.

विमानतळाच्या दारात शिपायानं तिकीट मागितलं. तिकीट नाही, तर आत नाही. रुक्माबाईनं काचेला नाक लावलं. आत दोन मजले उंच झाड, त्यावर कापसाचा बर्फ, खाली फोटो काढणाऱ्यांची झुंबड.

"थो पाहा! चांदणीच्या खाली! प्रेम, थोच हाये!"

प्रेमनं सजावटवाल्याला फोनवर फोन केले, तेव्हा सजावटीचा सुपरवायझर गोपाल बाहेर आला. मूळचा त्यांच्याकडच्याच बाभुळगावचा, म्हणून निदान आला तरी.

"आजी, तेवढं वर चढाले मशीन लागते. मशीन गेली वापस. आता पाच तारखेले झाड उतरंल तवाच."

"परवा लगन हाये रे बाबा. पाया पडतो तुह्या."

आणि ती खरंच वाकली. येणारेजाणारे बॅगा ओढता ओढता थांबून बघायला लागले. गोपाल ओशाळला, आत गेला आणि उरलेल्या मालातला एक नवा गणो घेऊन आला.

"हा घेऊन जा. कोणाले कळते?"

तो रुक्माबाईनं स्वतःच शिवलेला होता. तिनं तो हातात घेतला. खरंच, कोणाला कळणार? पुष्पानं तो कधी पाहिला नव्हता आणि सोनीबाई काही सांगायला येणार नव्हती. म्हातारीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

तेवढ्यात प्रेमचा फोन वाजला. पुष्पा होती.

"दादी, कुठी गेली व तू? गणो काढून ठेवला ना?"

"ठेवला, बाई."

"मले दाखवू नको आत्ता. पण एक सांगतो. याडीनं मरायच्या आधी मले सांगतलं होतं, गण्याच्या अस्तरात तिनं आपल्या केसाचा टाका घातला हाये. कोणालेच म्हाईत नाही. परवा पयले थो टाका पाहीन, मंगच डोक्यावर घेईन."

फोन केव्हा बंद झाला ते रुक्माबाईला कळलंही नाही. हातातल्या गण्याची तिनं नीट घडी केली आणि गोपालला परत दिली.

"प्रेम, तिकीट काढ."

"कुठचं, याडी?" प्रेमनं आईला विचारलं.

"कुठचंबी. मले का विमानात बसाचं हाये? आत जाचं हाये."

"आत जाऊन करशीन काय?"

म्हातारीनं पदर कमरेला खोचला. तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"चढीन," ती म्हणाली.