अर्ध्या उंचीचं कार्ड

भिवंडीजवळच्या वडप्याच्या केसरीनाथशेठनी कॉम्प्युटर घेतला तो शोकेसच्या मापाने. दुकानात उभ्या-उभ्या खिशातली टेप काढून त्यांनी चार-पाच खोकी मोजली आणि हायवेलगत गोदामं भाड्याने देणारा माणूस जे विचारतो तेच विचारलं, "जागा किती खातो?" सगळ्यांत चपटं खोकं घरी आलं. हॉलमधल्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या खाली, काचेच्या दाराआड ते असं चपखल बसलं, की पाहुणे म्हणायचे, "शेठ, डीव्हीडी प्लेयर झकास हाय."

कॉम्प्युटर होता सुनेसाठी. निशा लग्नाआधी कल्याणला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करायची. लग्न ठरवायच्या बैठकीत तिच्या वडिलांनी नोकरीचा विषय काढला, तेव्हा शेठ मोठ्या मनाने म्हणाले होते, "करू दे की काम. आम्ही काय जुन्या वळणाची माणसं न्हाय. पन घरातून." भाडं येत राहावं आणि ताबाही सुटू नये, असा करार करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

करार वर्षभर बिनबोभाट चालला. निशा दुपारी शोकेसचं दार उघडायची, मोडा ओढून बसायची आणि साधे नकाशे काढायची. मग ठाण्याच्या एका आर्किटेक्टने तिला नवं काम दिलं. त्याच्या गिऱ्हाइकाला गोदाम बांधायच्या आधीच पडद्यावर चालताना बघायचं होतं. ट्रक गेटातून आत यावा, माल उतरवायच्या धक्क्याला लागावा, शटर वर जावं, असं. "शनिवारपर्यंत जमलं तर अशी कामं दर महिन्याला तुमच्याकडे," तो फोनवर म्हणाला. "नाही जमलं तर मी इथलाच कोणी बघतो. पुन्हा नाही विचारणार."

निशाने चित्र तयार केलं. पण ते हलेना. ट्रक गेटात अर्धा आत, अर्धा बाहेर असा जो थांबला तो थांबलाच.

"ट्राफिक हाय काय?" शेठनी चहाच्या कपातून विचारलं.

"मशीनमध्ये दम नाही, बाबा. ग्राफिक्स कार्ड टाकावं लागेल. चित्र पळवायला वेगळं कार्ड असतं. आपल्या या चपट्या खोक्यात अर्ध्या उंचीचं बसतं, ते आणलं की झालं."

"अर्ध्या उंचीचं?"

"हो. लो प्रोफाइल म्हणतात."

"काय म्हनतात ते सोड. आमचे घरान अर्धं काय येत न्हाय." शेठनी कप खाली ठेवला. "शेजारी त्या चांगदेवाला कळलं तर म्हनंल, केसरीनाथाचा हात आखडला. पुरं आनू."

निशाने एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. या घरात कुठली गोष्ट एकदाच सांगावी, हे वर्षभरात तिच्या ध्यानात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेठ मुलाला, म्हणजे निशाच्या नवऱ्याला, कुणालला घेऊन भिवंडीत मनोजच्या दुकानात गेले. मनोजने आधी खोक्याची चौकशी केली. दुकानदार इमानदार होता, निदान विक्रीच्या आधी.

"कॅबिनेट कसं आहे, शेठ?"

"बारीक," कुणाल म्हणाला. "मिठाईच्या बॉक्सएवढं."

"मग हे घ्या. छोटं आहे, पण काम करेल."

शेठनी ते कार्ड तळहातावर तोललं. वजनच भरेना. त्यांची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे एक खोकं होतं, त्यावर आग ओकणारा राक्षस छापलेला होता. "त्याच्यान काय हाय?"

"ते मोठं, शेठ. दोन पंख्यांचं. तुमच्या कॅबिनेटमध्ये बसणार नाही."

"मनोज, चाळीस फुटी कंटेनर आम्ही गल्लीन वळवतो. मना सांगतो बसनार न्हाय? आधी माल उतरवायचा, जागा मागून होते."

मनोजने सांगायचं ते सांगितलं होतं. आता त्याने विकायचं ते विकलं. परतताना शेठनी मुद्दाम चांगदेवाच्या गेटापाशी गाडी थांबवून राक्षस त्याला दाखवला.

घरी आक्का ताट घेऊन तयार. आक्का म्हणजे शेठची थोरली बहीण. शेठ अख्ख्या वडप्यावर आवाज चढवत, आक्कासमोर मात्र पंख्याचा आवाजही त्यांच्यापेक्षा मोठा वाटत असे. घरात ट्रॅक्टर येवो की मिक्सर, आक्काने हळद-कुंकू लावल्याशिवाय तो सुरू होत नसे. ती कार्डाच्या सोनेरी दातांवर कुंकवाचं बोट टेकवणारच होती, तेवढ्यात निशाने खोकं पुढे सरकवलं.

"आक्का, राक्षसाला लावा. आतलं नाजूक आहे."

"राक्षसाला कुंकू? काय घर झालंय!" म्हणत आक्काने लावलं.

कुणालने चपट्या खोक्याचं झाकण काढलं, कार्ड खाचेत बसवलं. बसलं. फक्त झाकण बसेना. कार्ड खोक्याच्या वर डोकं काढून उभं, जसं काही एसटीतून बाहेर बघतंय. शेठनी टेप लावली. मग उलटी धरून पुन्हा लावली. माप काही बदललं नाही.

"छप्पर वाढव," ते म्हणाले. "चंद्राला बोलव. पत्रा कापून वर डबा बसवंल."

"बाबा, वाढीव बांधकाम?" कुणाल हसला. "परवानगी?"

"आधी बांधायचं, मग बघायचं. वडप्यान कोनी आधी परवानगी घेतली?"

चंद्राने गोदामाचे पत्रे बसवलेल्या हाताने दुपारभरात झाकणावर एक मजला चढवला. काम सुबक होतं. पण खोकं आता शोकेसच्या कप्प्यात शिरेना. शेठनी सुताराचं नाव काढताच आक्का शोकेसला पाठ लावून उभी राहिली.

"केसरी, माज्या शोकेसला करवत लागली तर मी तुज्या गोदामान ऱ्हायला जाईन."

शेवटी खोकं फरशीवरच ठेवून बटण दाबलं. पंखे गरगरले, पडदा उजळला आणि सगळं गपकन बंद झालं.

"लोडशेडिंग," शेठ घाईने म्हणाले.

"ट्यूब चालू हाय," आक्का म्हणाली.

"आतला पॉवर सप्लाय लहान आहे," निशा म्हणाली. "एवढ्या कार्डाला पुरत नाही."

शुक्रवार उजाडला होता. कार्ड बदलून छोटं आणायचं तर सरळ होतं, मनोज नाही म्हणाला नसता. पण बदलून आणलेलं चांगदेवाला दिसलं असतं. म्हणून कार्डासाठी नवं, मोठं, कमरेएवढं कॅबिनेट आलं. पॉवर सप्लायही दांडगा आला. जुन्याच्या पोटातलं जे चालण्यासारखं होतं ते मनोजने त्यात घातलं आणि मग हे धूड ठेवायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला. हॉलमध्ये पाहुणे बसतात. खोलीत कुणालची झोप, आणि पंखे तर पॉवरलूमसारखे धडधडणारे. स्वयंपाकघराकडे कोणी नुसतं बघितलं, तर आक्काने पळी उचलली.

"पुढच्या गोदामाचं ऑफिस रिकामं हाय," शेठ बोलून गेले. "टेबल हाय, एसी हाय. तिथं ठेवू."

"आणि मी?" निशाने विचारलं.

"तू काय? मशीन घरान मावत न्हाय, तर तू जाशील मशीनकडं."

आक्काचे डोळे बारीक झाले. "बैठकीन तू म्हनालावतास, घरातून."

पण जमिनीच्या व्यवहारात मुरलेला माणूस शब्दात फार वेळ अडकून राहत नाही. "मंग? गोदाम काय परक्याचं हाय? घरच हाय ते. मोठं हाय, एवढंच."

कुणालने हसू लपवायला खोकला काढला. निशाने पदर सारखा केला आणि म्हणाली, "बाबा म्हणतात तर बरोबरच असेल."

शनिवारी दुपारी ठाण्याला सीडी पोचली. सोमवारी पुढचं काम आलं. निशा आता सकाळी डबा घेऊन निघते. शेठ भाडेकरूंना ऑफिसात आणून दाखवतात, "सुनेला ऑफिस दिलंय. लोक नुसतं बोलतात, आम्ही देतो." घरातून काम करायची अट कोणाची होती, हे विचारलं तर ते चांगदेवाकडे बोट दाखवतील, इतक्या मनापासून ते आता विसरले आहेत.

ऑफिसची चावी एकच होती. शेठनी ती जपून ठेवलेली. रोज सकाळी ती मागावी लागू नये म्हणून निशाने ती एकदाच मागून नेली, भिवंडीहून दुसरी करून आणली आणि एक त्यांच्या हातात ठेवली. ती कुलपात जरा अडकते, अशी शेठची तक्रार आहे. निशाची अडकत नाही. मूळची तिच्याकडे आहे.