कातड्याची आतली बाजू

टोलेफ ब्राटली आमची गुरं चोरतो, हे मला तो आल्यापासूनच ठाऊक होतं. पुरावा तेवढा नव्हता. आमच्या माळावर कुणी दाराला कडी घालत नाही. उपाशी वाटसरूनं खुशाल घरात शिरावं, राजमा शिजवून खावा आणि भांडी घासून जावं, असा इथला रिवाज. अशा ठिकाणी हा गडी दाराला कुलूप घालायचा. आता सांगा.

त्याचं लाकडी खोपट नदीपलीकडे, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. पाव मळताना, लोणी घुसळताना माझं लक्ष तिकडेच. माझा नवरा ऑर्विल याला हसायचा. पण दोन वर्षांपूर्वी तो गुरं विकायला रेल्वेच्या गावी गेला, तेव्हा येताना माझ्यासाठी पितळी दुर्बीण घेऊन आला.

"घे हेस्टर. डोळे ताणून कपाळ दुखतं म्हणतेस ना? आता आरामात ठेव त्याच्यावर लक्ष."

लग्नाच्या बारा वर्षांत त्यानं मला आणून दिलेली ही तिसरी वस्तू. मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

दुर्बिणीतून जे दिसलं त्यानं माझी खात्रीच पटली. टोलेफ आमच्या गुरांत घोडा घालायचा आणि एकेका जनावराभोवती फिरायचा. कधी गरीब जनावर बघून खाली उतरायचा, पुठ्ठ्यावर जिथं मालकीचा, तापल्या लोखंडानं दिलेला डाग असतो तिथले केस बोटांनी बाजूला करून बघायचा. स्वतःचं जनावर शोधणारा माणूस असं करतो का? त्याचा डाग म्हणजे दोन उभ्या रेघा, लांबूनही दिसतो. आमचा फाटकाचा, दोन उभे दांडे आणि त्यांना जोडणारे दोन आडवे. टोलेफ आला त्याच वर्षी ऑर्विलनं आमचा जुना डाग बदलून हा घेतला होता. स्वतः कागदावर काढला होता. मला तो फार आवडायचा.

"डाग न दिलेली वासरं हेरतोय तो," मी ऑर्विलला म्हणाले.

"असू दे गं. एकटा राहून डोकं फिरलंय त्याचं."

"तुझ्या या असू देनं एक दिवस वाडगं रिकामं होईल."

"रिकामं कुठलं? तीन वर्षांत दुप्पट झाली गुरं."

झाली होती खरी. ऑर्विलच्या मेहनतीनं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत असे.

शेवटी मे महिन्यात मी त्याला न विचारता गुरेवाल्यांच्या सभेचे प्रमुख कॅप्टन डॅगेट यांना पत्र लिहिलं. चोरी ठरली की त्या माणसाला खोऱ्यात जागा नाही, हा सभेचा नियम. गुरं आणि जमीन सोडायची, अंगावरच्या कपड्यांनिशी निघायचं. मी पत्रात या नियमाची आठवणसुद्धा करून दिली.

वासरांना डाग द्यायच्या दिवशी कॅप्टन दोन माणसं घेऊन आमच्या वाडग्यावर आले. टोलेफलाही बोलावलं होतं. पत्राचं कळल्यावर ऑर्विलचा चेहरा उतरला. मला वाटलं, बायकोनं परस्पर तक्रार केली म्हणून शरमला.

"बाई, लिहिलंय ते याच्या तोंडावर बोलाल?" कॅप्टननी विचारलं.

"बोलेन की. दोन वर्षं डोळ्यांनी बघतेय. आमच्या गुरांत फिरतो, केस उचकटून बघतो."

टोलेफनं हॅट काढली. त्याला बोलायची सवय नव्हती. "खरंय बाईंचं," तो म्हणाला. "माझी गुरं कमी होतात. दर वर्षी. ती शोधतो."

"आमच्या डागाखाली?" मी विचारलं.

"हो. तिथंच."

मी हसलेच. त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. वाडग्यातल्या एका तांबड्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या खोंडाकडे बोट दाखवलं. "तो मारा, कॅप्टन. कातडं आतून वाचा. मी चुकलो तर आजच जातो. माझी गुरं यांना."

वरून केस काहीही सांगोत, कातडं आतून खोटं बोलत नाही. आधी दिलेला डाग कुठला, मागाहून ओढलेला कुठला, उन्हात धरलं की दिसतं. आमच्याकडे बायबलवर हात ठेवण्यापेक्षा याला जास्त मानतात.

"कशाला, कॅप्टन?" ऑर्विल घाईघाईनं म्हणाला. "चांगला खोंड फुकट जाईल. मिटवून टाकू. तक्रार मागे घेतो मी."

"तक्रार माझी आहे," मी म्हणाले. "मारा. आणि सोलणार मी."

माझ्याइतकं साफ कातडं त्या खोऱ्यात कुणी काढत नाही. एकही छेद वाकडा जात नाही. टोलेफला उद्या सुरी घसरली असं म्हणायला जागा नको, म्हणून मी पुढे झाले. गोळी झाडली गेली, खोंड पडला आणि मी बाह्या सरसावल्या. माणसं शेकोटीपाशी कॉफी घेत उभी राहिली, दहाएक पावलांवर.

पुठ्ठ्यावरचं कातडं सुटलं तसं मी ते उलटं करून उन्हाकडे धरलं.

दोन उभ्या रेघा सुतळीसारख्या जाड, पांढऱ्या, जुन्या. त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या बारीक, अजून लालसर. आधी टोलेफचा डाग, आणि त्यावर आमचं फाटक. ते तसं करता येतं हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मागे बूट वाजले. ऑर्विल अगदी जवळ येऊन उभा राहिला.

"हेस्टर," तो हळूच म्हणाला, "सुरी निसटते कधी कधी. तुझ्यावर कोण संशय घेणार?"

या माणसावर माझा जीव होता. अजूनही होता, त्या क्षणीसुद्धा. सुरी हातात होती, एक आडवा छेद पुरला असता. टोलेफ आमच्याकडे बघतही नव्हता. पाठ करून तो नदीपलीकडच्या आपल्या खोपटाकडे बघत उभा होता, कायमचं सोडायचं असेल तर डोळे भरून बघून घ्यावं तसा.

मी कातडं उचललं आणि कुंपणावर टाकलं, आतली बाजू वर करून.

"कॅप्टन," मी म्हणाले, "या. वाचा."

वाचायला फार वेळ लागला नाही. कॅप्टननी ऑर्विलला एवढंच विचारलं, "आणखी किती?" ऑर्विल कुंपणाला टेकून खाली बसला. सभेचा नियम मला कुणी सांगायची गरज नव्हती.

जाताना टोलेफ माझ्यापाशी थांबला. "तुमच्यावर मी कधी संशय घेतला नाही, बाई. चोर असा दिवसभर टक लावून बघत नाही."

मला त्याच्याकडे मान वर करून बघवलं नाही.

तिसऱ्या प्रहरी मी घरात गेले. बरोबर काही न्यायचं नव्हतं, तरी सवयीनं चूल विझवली, मळलेलं पीठ झाकलं. खिडकीत दुर्बीण होती. ती उचलली, आणि ती मला कुणी आणून दिली, देताना काय म्हणाला, ते आठवून मी तिथंच जमिनीवर बसले.