भवानीचे गिऱ्हाईक

ठाण्याहून विहिणीचा निरोप आला त्या दिवशी माझ्या घरात सतरा कुलपे होती आणि दारे दोन.

निरोप असा होता : उत्तरेला सातवा लागला आहे. दिवाळीच्या आत माहेरी नेणार असाल तर न्या, नाहीतर बाळंतपण इथेच उरकू. इथेच म्हणजे त्यांच्या मागच्या ओल्या खोलीत. त्याच खोलीत गेल्या वर्षी त्यांची थोरली सून पहिल्या बाळंतपणात गेली. निरोप्याजवळ उत्तरेने स्वतःचे असे एकच वाक्य धाडले होते. "नानांना सांगा, मला भीती वाटते."

आमचे कल्याणचे घर लहान. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि एक खोली. ती खोली मी भरून टाकली होती. कंदील, छत्र्या, दगडी पाट्या, अडकित्ते, दौती. पुष्कळ पुड्यांची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. पत्नी जाऊन बरीच वर्षे झाली. घर माझी थोरली विधवा बहीण, आक्का, चालवते. तिने बायजा सुइणीला खोली बघायला बोलावले.

बायजा उंबऱ्यातच थांबली. "आक्का, मास्तर दुकान काढतान का काय?"

"विकतो कुठला. नुसता आणतो," आक्का म्हणाली.

"मंग पोरीला निजवायची कुठं?" बायजा माझ्याकडे वळली. "मास्तर, आधी यांची बालंतपनं उरका, मग तिचा बगू."

मी पुस्तकात डोके घातले. पान उलटायचे राहून गेले.

हे कसे झाले ते मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. ठाण्याच्या शाळेत मी तीस वर्षे शिकवले, पण वर्गाबाहेर चार माणसांत मला बोलता येत नाही. ओळखीचे कोणी समोरून आले तर मी गल्ली बदलतो. म्हणून पेन्शन घेऊन कल्याणला आल्यावर ठरवले, बाजारात जायचे ते सकाळी, दुकाने उघडताना, रस्त्यावर माणूस नसताना. चूक तिथेच झाली. दिवसाची पहिली विक्री ती भवानी. ती झाली तर धंदा चालतो, आणि पहिलेच गिऱ्हाईक रिकाम्या हाताने वळले तर दुकानदार दिवसभर खट्टू असतो. रोज पहिला मीच. कोणाचा दिवस बुडवायचा धीर मला नव्हता. पहिल्या दिवशी किरकोळ सामान विकणाऱ्या रतनशेटकडून एक कुलूप घेतले. दुसऱ्या दिवशी तो मला बघून गादीवरून उठला.

"या मास्तर. काल तुमच्या हातची भवानी झाली आणि टेकायला उसंत मिळाली नाही. हातगुण म्हणतात तो हा."

माझ्या हाताला गुण आहे असे तोवर कोणी म्हटले नव्हते. माझे विद्यार्थीसुद्धा बेताचेच पास होत.

निरोप आल्यावर मी खोली रिकामी करू लागलो. पाट्या शाळेत दिल्या, छत्र्या वाटल्या. आठ दिवसांनी आक्काने दार उघडले तर खोली अजून भरलेलीच. दुपारी मी काढत होतो, सकाळी आणत होतो.

"बाळ," ती म्हणाली. साठीच्या माणसाला ती अजून बाळच म्हणते. "तुला पोर हवी की कंदील?"

"पोर."

"मग खुंट्याला बांधू का तुला?"

बांधले असते तर बरे झाले असते. पहाटे जाग आली की तळव्यांना मुंग्या येत आणि बाजाराकडे निघेपर्यंत त्या जात नसत.

मग मी पुस्तकी माणसाला शोभेल असा एक उपाय केला. पुरावा बघायचा. एका सकाळी रतनशेटकडून चाकू घेतला आणि समोरच्या देवळात पोथी उघडून दिवेलागणीपर्यंत बसलो. दिवसभरात दुकानात दोन माणसे आली. एकाने पत्ता विचारला, दुसऱ्याने चिमूटभर तपकीर मागितली. दुपारी रतनशेट तोंडावर पंचा घेऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मास्तर, काल तुमच्या हातानं काय रीघ लागली होती."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो लाजला नाही. आणि मी कंदील घेतला.

घरी येऊन ओसरीवर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. खोटे आहे हे ठाऊक असून घेतला. म्हणजे दुकानदाराचा दिवस ही नुसती सबब. मला ते वाक्य हवे होते. कंदील त्याच्याबरोबर येत होता. हे आक्काला सांगण्यासाठी मी तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परतलो.

चौथ्या वेळी सांगितले. ती तांदूळ निवडत होती. "तुला कुणी बरं म्हणावं म्हणून सतरा कुलपं?"

"हो."

"मला सांगायचंस. मी म्हटलं असतं."

"तू नसतं म्हटलंस."

तिने दोन खडे बाजूला टाकले. "नसतं म्हटलं," ती म्हणाली. "उद्या जाऊ नकोस."

"तेवढं जमणार नाही."

"मग जा. पण घेऊ नकोस."

सकाळी रतनशेटने फळ्या काढल्या, उदबत्ती ओवाळली आणि एक दौत पुढे सरकवली. "निळी काच. तुमच्यासाठी ठेवली."

"आज घेणार नाही." हे मला दोनदा सांगावे लागले.

"भवानीच्या वेळी असं बोलू नये, मास्तर. हातात तरी धरा."

मी हात पाठीमागे बांधले. "मुलगी बाळंतपणाला यायची आहे. घरात जागा नाही."

त्याचा चेहरा उतरला. "मग निदान वळू नका. दुसरं कुणी घेईपर्यंत उभे राहा इथं."

मी उभा राहिलो. रस्ता भरू लागला. ज्यांना टाळण्यासाठी दोन वर्षे सकाळी येत होतो ती सगळी माणसे एकेक करून समोरून गेली.

"काय मास्तर, इकडे काय घेताय?"

"काही नाही. उभा आहे."

शेवटी मिठागरावरचा एक माणूस आला आणि काडेपेटी घेतली. रतनशेटने नाणे कपाळाला लावले आणि त्याला म्हणाला, "तुमचा हात चांगला दिसतो. येत जा रोज."

मला हसू यायला हवे होते. मी त्या माणसाचा हात पाहिला, मग माझे.

"येतो," मी म्हणालो. "या की," तो मान वर न करता म्हणाला.

वाटेत दोनदा मागे फिरलो आणि दोनदा परत वळलो. आक्काने माझ्या हातांकडे पाहिले आणि कागद-दौत पुढे ठेवली. 'उत्तरेस आणावयास येतो' असे मी त्याच दुपारी लिहून टाकले. दुसऱ्या दिवशी लिहिले असते की नाही, सांगता येत नाही. त्यानंतरही दोनदा हरलो, एकदा अडकित्ता घेतला आणि एकदा लिहायचा टाक. बाकीच्या सकाळी आक्काने मला खोली सारवायला शेणमाती कालवायला बसवले. आजूबाजूच्या बायका बघून जात.

दिवाळीला सहा दिवस असताना, आदल्या दिवशी ठाण्याला जाऊन, सकाळच्या पहिल्या गाडीने मी उत्तरेला घेऊन आलो. खोलीच्या दारात उभी राहून तिने आत पाहिले.

"सगळी मोकळी, नाना?"

"कोपऱ्यात थोडं आहे अजून."

"असू दे." पाय न धुताच ती बाजेवर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

बाजार उघडायची वेळ होती. मी ओसरीवर येरझारा घालू लागलो.

"बाळ, पावलं वाजतात तुझी," आक्का आतून म्हणाली. "ती झोपली आहे."

मी खाली बसलो.