छापण्याच्या वाटेवर

"माझ्या विचारांची दखल घेतल्याशिवाय या शतकाचं राज्यशास्त्र लिहिलंच जाणार नाही," सर चहाचा कप उचलत म्हणाले.

"घेतील हो दखल. आधी तो पंखा बंद करा, कागद उडतायत सगळे," बायको म्हणाली.

सरांनी उठून पंखा बंद केला. शतकाचं पुढे बघता आलं असतं. सध्या प्रश्न सोमवारचा होता. सोमवारी प्रोफेसरपदाची मुलाखत होती आणि निवृत्तीआधीची ही शेवटचीच. याआधी दोनदा सर तिथून हात हलवत परत आले होते. दुसऱ्या खेपेला निवडला गेलेला तर त्यांचाच विद्यार्थी. तो आता विभागाच्या बैठकीत सरांना "बोला ना सर, तुम्हीही बोला," असं प्रेमाने म्हणायचा. ते प्रेम सरांना फार झोंबायचं.

यंदा नवा नियम आला होता. उमेदवाराच्या लेखांचा संदर्भ इतर अभ्यासकांनी किती वेळा दिला ते मोजायचं, आणि ज्या लेखाचा सगळ्यात जास्त उल्लेख झाला असेल, त्यावर मुलाखतीत बोलायचं. सरांचे चाळीसेक लेख छापून आले होते. त्यातले बरेचसे प्रुफं तपासणाऱ्यानेही शेवटपर्यंत वाचले नसावेत, अशी त्यांना स्वतःलाच शंका होती.

लेक कॉम्प्युटर घेऊन बसली. "बाबा, तुमचा उल्लेख करणाऱ्यांत एक नंबरवर कोण आहे, माहितीय? तुम्हीच."

"अगं, ते धरत नाहीत."

"मग फारसं काही उरत नाही हो." ती खाली खाली जात राहिली. "स्थानिक निवडणुका, दोन. आघाडी सरकारं, तीन. त्या तीन उल्लेखांतला एक गुरांच्या डॉक्टरचा आहे, कळपावर लिहिलंय त्याने. थांबा, थांबा! 'मौनाचे राजकारण'. त्रेसष्ट! बाबा, हा कधी लिहिलात?"

सरांचा कप बशीवर खणकला. "तोच तर घोळ आहे. लिहिलेलाच नाही."

झालं होतं असं. फार वर्षांपूर्वी एका लेखात सरांनी एक धाडसी विधान ठोकून दिलं आणि मग त्याला आधार सापडेना. अशा वेळी या धंद्यातली माणसं जे करतात, तेच त्यांनी केलं. आपल्याच पुढच्या लेखाचं नाव तळटीपेत घातलं आणि कंसात लिहिलं, 'छापण्याच्या वाटेवर'. सुट्टीत तो लिहून काढायचा बेत होता, पण सुट्टीत घराचं रंगकाम निघालं. दरम्यान कुणीतरी ती तळटीप उचलली. कंसातले शब्द बरे दिसेनात म्हणून त्याने तिथे एक साल टाकलं. पुढच्याने पानांचे आकडे दिले. लेख आपल्या पायांवर उभा राहिला.

"वीस पानी आहे म्हणे," लेक म्हणाली. "आणि इथे एकाने तुम्हाला चांगलंच झोडपलंय. मौनाला तुम्ही उगाच डोक्यावर घेता, असं म्हणतोय."

"गाढव आहे!" सर तडकले. "त्याला माझा मुद्दाच कळलेला नाही."

"बाबा, मुद्दा नाहीच आहे."

"नसला म्हणून काय वाटेल ते बोलायचं?"

निदान बोलण्यापुरतं काही हाताशी असावं म्हणून रविवारी सर तो लेख लिहायलाच बसले. पण उल्लेख करणाऱ्यांच्या मते त्यात मौन हा लोकशाहीचा कणा होता, लोकशाहीला लागलेली कीडही होती, आणि शिवाय मौन मोजताच येत नाही हे आकडेवारीनिशी सिद्ध केलेलं होतं. इतकं सगळं एका लेखात बसवणं सरांच्या कुवतीबाहेरचं होतं. त्यांना त्या लेखकाचा हेवाच वाटू लागला.

"सरळ सांगून टाका ना," बायको म्हणाली. "फार तर नाही म्हणतील. त्याची तुम्हाला सवय आहे."

सोमवारी समोर तिघे होते. अध्यक्ष म्हणजे विषयातलं बडं प्रस्थ. त्यांनी कधी कुणाला चांगलं म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. ते चक्क उठून उभे राहिले.

"'मौनाचे राजकारण'! माझ्या नव्या पुस्तकाचा निम्मा भाग त्यावर उभा आहे. बोला."

प्रोफेसरपदाची खुर्ची आता सरांपासून हाताच्या अंतरावर होती.

"साहेब, खरं सांगायचं तर... तो लेख मी लिहिलेलाच नाही."

अध्यक्षांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि सावकाश मान डोलावली. "वा! मौनावरचा लेख, आणि लेखक म्हणतो, मी लिहिलाच नाही. भूमिकेशी इमान म्हणतात ते हे."

"नाही, म्हणजे खरोखरच..."

"आलं लक्षात," डावीकडचे गृहस्थ म्हणाले. "मूळ लेखातही तुमचा हाच सूर आहे."

"शेवटच्या पानांत तर फारच," उजवीकडच्या बाईंनी दुजोरा दिला.

सर गप्प झाले. मुलाखतीत ते असे कधीच गप्प बसले नव्हते, आणि नेमकं तेच तिघांना विलक्षण आवडलं. तिथल्या तिथे निवड झाली.

बाहेरच्या पॅसेजमध्ये सर भिंतीला टेकून उभे राहिले. आपण खरं बोलून लोकांना फसवलं की काय, हे त्यांना धड ठरवता येईना. इतक्यात अध्यक्ष बाहेर आले. त्यांनी दार नीट लावून घेतलं, सरांचा दंड धरून त्यांना जिन्यापाशी नेलं आणि आवाज खाली आणला.

"अभिनंदन. एक बारीकसं काम होतं. आत त्या दोघांसमोर बोलता येईना. त्या लेखाची एखादी प्रत असेल तर पाठवाल का? माझं जरा वाचायचं राहून गेलंय."