शब्द दिला आणि मी भात खाल्ला

मित्रांनो, मी एक जुना कावळा आहे. जुना म्हणजे टाकून दिलेला नव्हे. काशीतला आहे, इथे सगळंच जुनं असतं. पंचगंगा घाटावरच्या पिंपळावर, तुटक्या छत्रीच्या तारांच्या घरट्यात माझा जन्म झाला. वर्षातले पंधरा दिवस मी लोकांचा पूर्वज असतो. उरलेले दिवस मला हाकलतात.

मला हाकलायला एक बिनपगारी नोकर होता. त्याचं नाव भैरू. रामघाटावरच्या विश्वेश्वरशास्त्र्यांचा कुत्रा. शास्त्री रोज सकाळी आमच्या घाटावर स्नानाला येत, नैवेद्याचा डबा पायरीवर ठेवत आणि "भैरू, लक्ष ठेव रे" म्हणून पाण्यात उतरत. घरी वेदपाठ चालायचा, म्हणून भैरूला भुंकायची बंदी होती. तो नुसता वरचा ओठ उचलून दात दाखवी. नऊ वर्षांत मला त्या डब्यातलं एक शीतही मिळालं नाही.

मग शास्त्री वारले. दहाव्या दिवशी त्यांच्या मुलाने, प्रसन्नने, त्याच पायरीवर पिंड ठेवला. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाची काही इच्छा उरली नाही, असं हे लोक मानतात. मी उपाशीच होतो, लगेच उतरलो. चार पायऱ्या वर भैरू बसला होता. त्याने ओठ उचलला. मी परत पिंपळावर.

माणसं आभाळाकडे बघत होती. मागे कोणीच पाहिलं नाही. "बाबांचं काहीतरी राहिलंय," सून मधुरा म्हणाली. मग शब्द देणं सुरू झालं. पोथ्या रद्दीत घालणार नाही. नातीचं लग्न थाटात करू. न्हाणीघरातला नळ दुरुस्त करू. माझी एकाही गोष्टीला हरकत नव्हती. दोन तास गेले. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा वळायला बसले, म्हणजे माझी नोकरी गवताला मिळणार होती.

तेवढ्यात प्रसन्नने हात जोडले. "बाबा, भैरूची चिंता करू नका. त्याला मी लखनौला नेतो. पक्का." मग वळून त्याने भैरूला मिठी मारली आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून रडला. भैरू त्याचा गाल चाटू लागला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याचं लक्ष ढळलं. मी भात खाल्ला.

सगळे रडले. शास्त्र्यांचा जीव कुत्र्यात अडकला होता, असं गुरुजी म्हणाले. खरं तर माझा अडकला होता.

तेरावा झाल्यावर फोनवरून कळलं की लखनौच्या सोसायटीत कुत्रा चालत नाही. प्रसन्नने नाववाल्याला सांगितलं, "भैया, दो-चार दिन देख लेना, हम आके ले जाएँगे." त्या दोन-चार दिवसांना आता चौदा महिने झाले.

भैरू त्याच पायरीवर असतो. कोणाचाही पिंड आला की राखतो. परकी माणसं तासन्‌तास शब्द देत बसतात. एकाने तर तंबाखू सोडला. खरं कारण लक्षात आलं की बांबूने झोडपतात. तरी तो भुंकत नाही. त्याला बंदी आहे.

आता त्याच्या बरगड्या पिंपळावरूनही दिसतात. परवा मी त्याच्यासाठी अर्धी कचौडी आणली, पुढ्यात टाकली आणि लांब जाऊन बसलो. त्याने ती हुंगली. खाल्ली नाही. ती शास्त्र्यांची आहे असं ठरवून संध्याकाळपर्यंत माझ्यापासून राखली.

तर मित्रांनो, कुत्रा पाळा किंवा पाळू नका. पण कावळ्यासमोर शब्द देऊ नका. मी तो कुठेही पोचवत नाही, मी भात खातो. त्या दिवशी घाटावर तो शब्द खरा मानणारा एकच जण होता आणि तो अजून पायरीवर आहे. लखनौची गाडी कोणत्या बाजूने येते हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून तो नदीकडे बघतो.