भिंतीआधीचं फाटक

"ओरड! अरे, ओरड म्हणतो ना! घशात गूळ अडकलाय का तुझ्या?"

ठेकेदार ओरडत होता, आणि त्या आवाजानं वैशाखातल्या पांढऱ्याफटक उन्हाला तडा जाऊन समोरच्या कडुनिंबावरचे कावळे जे औशाच्या दिशेनं उडाले ते पावसाळा संपेपर्यंत परतले नाहीत, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. ज्याला तो ओरडायला सांगत होता तो प्रल्हाद मात्र तापलेल्या लोखंडी फाटकाजवळ हात बांधून उभा होता. आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसल्या आवाजात त्यानं विचारलं, "मालक, 'कोन हाय' म्हणू, का 'कोण आहे' म्हणू?"

वॉचमनच्या नोकरीची ती परीक्षा होती.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा झालं म्हणजे पाट्या बदलल्या, जीपगाड्या वाढल्या, आणि शहराबाहेरच्या उजाड माळावर कचेऱ्यांचे पाये खणले गेले. त्याच सुमारास दुष्काळ पडला. ढग आमच्या शिवेपर्यंत येत, नव्या जिल्ह्याची नवी पाटी वाचत आणि पत्ता चुकला असं समजून आल्या वाटेनं परत जात. मांजरेच्या पात्रात पोरांनी गोट्यांचे डाव मांडले होते. आणि सायंकाळचा प्रकाशसुद्धा कुणीतरी चाळून आणल्यासारखा धुळकट, कोरडा, तोंडात कचकच वाजणारा असायचा.

मी नांदेडहून बदलून आलेला कारकून. ज्या कचेरीत मी रुजू झालो तिचं फाटक आधी आलं होतं. हिरवंगार, दोन झडपांचं, सिमेंटच्या दोन खांबांवर तोललेलं. भिंत मागून यायची होती. पण बांधकामाला थेंबभरही पाणी वापरायचं नाही असा हुकूम निघाला आणि भिंत नकाशावरच राहिली. त्यामुळं डावीकडे मोकळा माळ, उजवीकडे मोकळा माळ, आणि मधोमध साखळीकुलपानिशी बंद असलेलं हे फाटक, एखाद्या वाक्यातले सगळे शब्द पुसून जावेत आणि पूर्णविराम तेवढा उरावा तसं. आत एक बोअर होता आणि एक हौद. भोवतालचे सगळे बोअर आटले, हा आटेना. ते पाणी टँकरसाठी राखलेलं. टँकर ठेकेदाराचे, म्हणून राखणदारही ठेकेदाराचाच.

आता ऐका, यात माझी अतिशयोक्ती नाही. त्या फाटकाच्या दोन्ही बाजूंनी बैलगाडी काय, अख्खी वरात गेली असती. पण माणसं फाटकासमोर रांग लावून उभी राहायची. बाजूनं शिरणारा चोर आणि फाटकातून मागणारा माणूस, हा भेद त्या तहानेतही त्यांच्या अंगात इतका मुरलेला होता की बाजूनं हिंडणाऱ्या शेळ्यांनासुद्धा पुढं पुढं लाज वाटू लागली आणि त्या रांगेत येऊन उभ्या राहू लागल्या. बरं, शेळ्यांचं सोडा. माणसांचं तरी खरं माना.

प्रल्हाद जळकोटकडचा, माझ्याच गावचा. आई लहानपणीच गेली. मावशीनं, कौसाबाईनं, त्याला वाढवलं. ती कौसाबाई आता शहराच्या टोकाला दुष्काळी कामावर खडी फोडत होती. दगडाची भुकटी तिच्या केसांत, भुवयांत आणि छातीत बसली होती. ती खोकली की कोरड्या आडात खडा टाकल्यासारखा आवाज यायचा, आणि तळाशी पाणी नसल्यानं तो आवाज थांबायचाच नाही. तिला त्या खडीवरून उठवायचं, एवढी एकच आकांक्षा प्रल्हादनं त्या उन्हाळ्यात उराशी धरली होती. त्यासाठी तो आधी नांदेडला गेला. तिथं फाटकांना तोटा नाही. गिरणीचं फाटक, गोदामाचं फाटक, टॉकीजचं फाटक. प्रत्येक फाटकावरच्या वॉचमननं त्याला विचारलं, अनुभव आहे का? आणि नाही म्हटल्यावर त्या वॉचमननंच त्याला परत लावलं.

म्हणून ठेकेदारापुढं मी छातीठोकपणे सांगितलं, "मालक, नांदेडच्या एकूण एक मोठ्या फाटकावर उभा राहिलेला माणूस आहे हा." यात खोटं काय होतं?

ठेकेदारानं त्याला खालून वर न्याहाळलं. "कुनाला अडवलंस का कधी?"

"न्हाई," प्रल्हाद म्हणाला. "मलाच अडवलंय लई जनांनी."

ठेकेदार एवढा हसला की त्याच्या जीपचा आरसा हलला. "मग शिकलाच हायस की. आठ दिवस बघतो. या आठ दिवसांत माझ्या डोळ्यांदेखत एक तरी मानूस रिकामा परत लाव. न्हाई जमलं तर निलंग्याचा रिटायर फौजी हाय माझ्याकडं. त्याच्या मिशा बघूनच निम्मी तहान मरती."

अशी ती नोकरी. खाकी सदरा दुसऱ्याच कुणाच्या मापाचा होता. त्याच्या आत प्रल्हाद वाऱ्यावर हलणाऱ्या ज्योतीसारखा इकडून तिकडे होत असे. सकाळी त्याची सावली फाटकाबाहेर पडायची आणि दुपारी त्याच्या पायांशी गोळा व्हायची, जणू तीही आत येण्याची परवानगी मागत होती. पण मला तो आठवतो तो हातांवरून. कुलूप तो दोन्ही हातांनी उघडायचा. एका तळव्यात ते झेलून, दुसऱ्या हातानं किल्ली फिरवून, झोपलेलं लेकरू कडेवरून उतरवावं तितक्या अलगद. साखळीचा आवाज होऊ नये याची त्याला विलक्षण काळजी. आणि समोर घागर घेऊन कुणी म्हणालं, "येऊ का रं बाबा?" की त्याच्या तोंडून आपोआप निघायचं, "या माय, पन लौकर आवरा. मालक यायलेत."

"प्रल्हाद्या, लेका, एकदा नुसतं 'नाही' म्हणायचंय," मी त्याला शिकवत असे. "जीभ टाळूला लावायची आणि सोडायची. झालं."

"कुनाला म्हणू, दादा? तुमीच बघा की एकेकाचं तोंड."

"डोळे मिटून म्हण."

"डोळे मिटून राखन कशी करावी?"

मी चहा मागवला.

मुदतीतला उद्याचा दिवस शेवटचा, अशा एका सायंकाळी मी कौसाबाईच्या पत्र्याच्या खोपीत भाकरी खायला गेलो. रोजच जायचो, तिच्या हातच्या भाकरीला पापुद्रा असा सुटायचा की त्यातून पलीकडचं निलंगा दिसावं. प्रल्हाद अजून फाटकावरच होता. माझ्या पोटात काही राहत नाही. मी तिला सगळं सांगून टाकलं. शर्त, फौजी, उद्या दुपारी जीप लावून बसणारा ठेकेदार.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "किती जन परत लावावं लागतेत?"

"एक."

"एकच?"

"एकच. पण तुझ्या लेकराला तोही सापडत नाही."

चुलीचा उजेड तिच्या धुळीनं राखाडी झालेल्या चेहऱ्यावर खालून पडला होता, आणि एखादी जुनी, एकेकाळी कामात असलेली वस्तू पुन्हा कामात यावी तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर हलल्याचा मला भास झाला. कोपऱ्यात खडीच्या कामावर येणाऱ्या टँकरवरून भरून आणलेली घागर होती, काठोकाठ.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठेकेदाराची जीप कडुनिंबाखाली लागली. ऊन इतकं निश्चल होतं की माझ्या टेबलावरचे कागदही घाबरून उडेनात. मी खिडकीत उभा. रांग लागलेली, आणि रांगेच्या तोंडाशी, डोक्यावरचा पदर दातांत धरून, कडेवर रिकामी घागर घेऊन कौसाबाई.

प्रल्हादनं तिला पाहिलं. मग जीपकडं पाहिलं. त्याचे दोन्ही हात सवयीनं कुलपाकडं गेले आणि अर्ध्या वाटेत थांबले. तेवढ्यात कौसाबाईच बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, परक्या माणसाशी बोलावं तशी.

"घोटभर तरी द्या, सायेब."

साहेब. ज्याला तिनं ओंजळीनं पाणी पाजून वाढवलं त्याला.

त्याचा उजवा हात वर गेला. तळवा तिच्याकडं, बोटं पसरलेली. आणि एवढे दिवस ठेकेदारानं, मी, त्या अख्ख्या उन्हाळ्यानं जो मागितला तो आवाज त्याच्या घशातून निघाला. फुटका, उंच, स्वतःलाच भ्यालेला.

"न्हाई म्हणलं ना! मागं फिरा."

ती फिरली. त्या फिरण्याविषयी मला लिहिता येईल असं वाटलं होतं, पण माझ्या सगळ्या थापा तिथं अपुऱ्या पडतात. बाबासाहेबांच्या मागं बुद्धाच्या वाटेला लागण्याआधी तिच्या घरची माणसं गावच्या आडापासून दूर उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर ओंजळ भरायची, नाही ओतलं तर परत वळायची. पोरवयात ती तशी किती वेळा वळली असेल, तिलाच ठाऊक. धर्म बदलल्यावर वस्तीनं स्वतःचा आड खणला आणि ते वळणं तिनं कायमचं टाकून दिलं होतं. त्या दुपारी तिनं ते पुन्हा अंगावर घेतलं, एकही घडी न चुकता. मान किती खाली, घागर कोणत्या बाजूला, पावलं किती सावकाश. तिच्या मागची रांग मोडली. डावीकडे माळ मोकळा होता, उजवीकडे माळ मोकळा होता, आणि माणसं सरळ परत गेली.

"आता कसं!" ठेकेदार जीपमधून म्हणाला, आणि जीप सुरू झाली.

प्रल्हाद पक्का झाला. कौसाबाई खडीवरून उठली आणि त्याला नोकरीबरोबर मिळालेल्या खोलीत राहायला आली. खोकला मात्र तिच्याबरोबर आला. तो तिच्यासाठी रोज पाणी भरून आणायचा, सगळ्यांत आधी तिच्यापुढं भांडं धरायचा, आणि ती पीत असताना दुसरीकडं पाहायचा. पुढं पाऊस आला, भिंत आली, भिंतीवर काचा आल्या. त्याच्या आवाजाची तर अशी ख्याती झाली की तो 'कोण आहे' म्हणाला की निलंग्याच्या स्टँडवर सुटलेली एस.टी. ब्रेक मारायची. पण कुलूप तो नंतर एका हातानं उघडू लागला. दुसरा हात कायम खिशात.

तहान लागली म्हणून मावशी आली होती आणि आपण तिला परत लावलं, हेच तो जन्मभर खरं धरून होता. एकदा मी सांगायला गेलो, तर कौसाबाईनं दारातूनच माझ्याकडं असं पाहिलं की मी हवापाण्याच्या गोष्टी करून उठलो. आता ती दोघंही नाहीत. गेलेल्या माणसांभोवती काळ भिंत घालत नाही, कुठूनही आत शिरता येतं. भाकरीच्या वासातून, खोकल्यातून, हिरव्या रंगातून. तरी मी मुकाट्यानं त्या फाटकासमोर जाऊन उभा राहतो, आणि आत हौद भरलेला असतो.

ती फाटकावरून परत फिरली त्याच दिवशी सायंकाळी मी खोपीत गेलो होतो. भाकरी थापणं चाललेलं. कोपऱ्यातली घागर अजून अर्धी भरलेली. मी म्हणालो, "माय, घरात पाणी होतं. एवढ्या रांगेत तूच कशाला गेलीस?"

"कुनाला तरी परत फिरायचंच हुतं," ती म्हणाली.